आप्पांची करवत

४ मार्च

ती. दादास,
सा. न.

तुला फोन करण्यात काही अर्थ नाही. तू 'हां, हां' म्हणतोस आणि तुला काडीचंही ऐकू आलेलं नसतं. मागच्या खेपेला मी ओरडून सांगितलं की आप्पा पडले, तर तू म्हणालास, 'छान, छान.' म्हणून लिहिते. लिहिलेलं तरी वाचशील.

आप्पांना माझ्याकडे आणून महिना होत आला. पाय आधीच गेले होते, आता डोळेही गेले. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. शिवणाच्या खोलीत खिडकीला लागून त्यांची खाट टाकली आहे. मी शिलाई मशीनवर, ते खाटेवर, आणि दिवसभर आमची जुंपलेली. 'तेल कमी आहे तुझ्या मशीनला,' म्हणतात. मी म्हणते, गप्प पडा. मग झाकण उघडून बघते तर खरंच कमी असतं. डॉक्टर म्हणाले, आता जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या. असं डॉक्टर कधी म्हणतात ते तुला सांगायला नको.

तर मुद्दा असा, की आप्पांना त्यांची पेट्रोलवरची करवत हवी आहे. घर विकलं तेव्हा तू नेलीस ती. आम्हाला कुणाला तिचं सोयरसुतक नव्हतं, गंजलेलं धूड ते. पण आप्पांचं रोज उठल्यापासून तेच. 'एकदा अंगणात चालू करा, आवाज ऐकू द्या, मग मी मोकळा.' तू जुन्या करवती दुरुस्त करतोस, लोक लांबून घेऊन येतात, असं कानावर येतं. मग घरचीही एक कर. आण, दोन मिनिटं चालव, परत घेऊन जा. मला ती ठेवायलाही जागा नाही.

कोपऱ्यावर पाण्याचे पंप दुरुस्त करणारा एक जण आहे, माझ्या मशीनची मोटर बघायला येतो. आप्पा त्याला धरून बसतात आणि कोणतं झाड कुठल्या बाजूला कसं पाडलं ते सांगत सुटतात. बिचारा ऐकून घेतो. त्यालाही मी ऐटीत सांगून टाकलं आहे, की माझा भाऊ यातला मोठा माणूस आहे, तो आणणार आहे. माझं नाक कापू नकोस.

चिमटी


१५ मार्च

चि. चिमटीस,
अ. आ.

तुझं पत्र म्हणजे नावाप्रमाणेच. 'छान, छान' बद्दल ओशाळलो. फोनवर मला माणसाचा आवाज म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखा येतो. सगळ्या खड्यांना मी छानच म्हणतो, भांडण होत नाही.

करवतीचं म्हणशील तर तिची अवस्था ऐक. पिस्टन सिलिंडरला धरून बसला आहे. आत तेल ओतून ठेवलं आहे, मुरू द्यायचं, मग लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोकायचं. घाई केली की चरा पडतो, आणि सिलिंडरला चरा पडला की ते यंत्र मेलं. हवेच्या जाळीत उंदरांनी संसार थाटला होता. कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा वाळून कडकडीत झालाय, बोट लावलं की तुटतो. चालू करायची दोरी ओढली तर हातातच आली. हे मॉडेल बंद होऊन एक जमाना झाला, पडदा मिळणं म्हणजे दिवसा दिवा लावून शोधणं. दुसऱ्या यंत्राचा कापून बसवता येतो, पण तसलं काम मी करत नाही. जे होतं तेच, नाहीतर नाही. लोक माझ्याकडे येतात ते त्यासाठीच.

तेव्हा वेळ लागेल. म्हाताऱ्याला म्हणावं, झाडं पाडताना जी घाई केलीस ती इथे चालत नाही.

एक विचारतो. आप्पा करवत मागतात तेव्हा नक्की काय म्हणतात? माझा उल्लेख येतो का? जसेच्या तसे शब्द लिही. तुला नक्कल चांगली जमते, लहानपणी त्यापायी मार खाल्लास तू.

तुझा,
दादा


२७ मार्च

ती. दादास,
सा. न.

नक्कल हवी ना, घे.

'करवत आण.' मी म्हणते, कुणाकडून? 'त्या ठोंब्याकडून. पण ठोंब्याच्या हातात गेली म्हणजे गेलीच समज. त्याला ना लाकडातलं कळलं ना लोखंडातलं. त्यात कानही गेले त्याचे. आवाज कसा लावणार तो? नाकानं?' मी हसून हसून दमले, सुई बोटात जाता जाता राहिली. पंपवालाही हसला. माणूस हाडांचा सापळा झालाय, पण जीभ अजून धार लावलेली.

मग मात्र गंभीर होऊन दोन गोष्टी सांगितल्या, तुला कळवायला. एक म्हणजे, पेट्रोलचा स्क्रू थोडा सैल ठेवायचा. मोकळी चालताना करवत घोगरी, खोकल्यासारखी बोलली पाहिजे. लाकडात घुसली की आवाज आपोआप साफ होतो, त्यावरून त्यांना कळायचं की दात नीट धरतायत. दुसरं म्हणजे हँडल. ते डाव्या अंगाला वाकलेलं आहे ना, ते पडून वाकलेलं नाही. मनगट मोडून वेडंवाकडं जुळलं तेव्हा त्यांनी दगडावर ठोकून स्वतःच्या हाताप्रमाणे वाकवून घेतलं होतं. 'ते सरळ करू नको म्हणावं. त्याला सरळ दिसलं की बरं वाटतं.'

पडद्याचं बघ लवकर. पाठीला जखमा व्हायला लागल्या आहेत. दर दोन तासांनी मी आणि आमचे हे त्यांना कुशीवर वळवतो. वळवताना ओरडत नाहीत, पण माझ्या दंडाला इतकं घट्ट धरतात की वळ उठतात.

चिमटी


२० एप्रिल

चि. चिमटीस,

तुझं पत्र वाचलं. तू हसून दमलीस, बरं झालं. मला हसू आलं नाही.

'कानही गेले त्याचे.' ते कसे गेले हे म्हातारा सांगत नाही वाटतं. तू तेव्हा घरात परकर घालून मिरवत होतीस, म्हणून ऐक. शाळा सोडवून त्यानं मला टोळीबरोबर झाडं पाडायला नेलं. त्या करवतीचा आवाज अडवणारं काही नसतं आणि ती डोक्याच्या बाजूला धरायची असते. पहिल्याच आठवड्यात मी कानात कापूस घातला. त्यानं सगळ्या माणसांसमोर तो ओढून काढला आणि म्हणाला, 'कान झाकून बसायचं असेल तर आईच्या पदराखाली जाऊन बस.' टोळी खिदळली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घातला. त्यानं पुन्हा काढला, या वेळी आधी कानफटात देऊन. तिसऱ्या दिवशी मी घातला नाही.

विशीत कानात शिट्टी सुरू झाली, ती अजून चालू आहे, आत्ता हे लिहितानाही. तिशीत माणसांचं बोलणं गेलं. तुझी वहिनी 'तू माझं ऐकतच नाहीस' म्हणून निघून गेली, आणि ती खरंच बोलत होती. तेव्हा हा माणूस काय म्हणाला माहीत आहे? बहिऱ्याला बायको कशाला हवी, भांडणाची मजा तर गेली. माझ्या तोंडावर म्हणाला, ओरडून, मला ऐकू यावं म्हणून.

तर आता मी सांगतो. करवत हवी असेल तर त्यानं ती माझ्याकडे मागावी. ठोंब्याकडे नाही, मुलाकडे. आणि एक वाक्य बोलावं, की तुझे कान माझ्यामुळे गेले. तू ते लिहून पाठव. वाक्य आलं की दुसऱ्या दिवशी करवत तुझ्या अंगणात. वाक्य नाही तर करवत नाही. पिस्टन सुटला की नाही आणि पडदा मिळाला की नाही हा आता प्रश्नच नाही.

दादा


२ मे

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र आप्पांना वाचून दाखवलं. खूप वेळ भिंतीकडे तोंड करून होते. मग म्हणाले, लिहून घे. ते म्हणाले तेच खाली लिहिते.

'बाळा, तुझ्या कानांचं नुकसान माझ्यामुळे झालं. मला त्याचं फार वाईट वाटतं. मला क्षमा कर. तुझ्या हातात कला आहे, ती मला कधी दिसली नाही. माझी करवत तुझ्या हातून चालू झालेली ऐकायची एवढीच इच्छा उरली आहे. तुझा बाप.'

आता तरी आण रे दादा. जेवण जवळजवळ बंद आहे. चमच्यानं पाणी पाजते.

चिमटी


११ मे

चिमटे,

मी काही बोळ्यानं दूध पीत नाही. 'बाळा'! जन्मात त्यानं मला बाळा म्हटलं नाही. 'क्षमा' हा शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडताना दातच पडले असते. आणि 'हातात कला' तू त्या शिवणकामाच्या मासिकातून उचलली आहेस. शिवण चांगली घातलीस, पण धागा तुझा आहे, लांबून दिसतो.

तू खोटं बोललीस तर मीही खरं सांगून टाकतो. करवत दोन वर्षांपूर्वीच तयार झाली आहे. तू पहिलं पत्र लिहिलंस तेव्हा ती माझ्या फळीवर चकाकत होती. पिस्टन, उंदीर, वाळलेला पडदा, हे सगळं होतं, पण दोन वर्षांपूर्वी. गंजाचा एक ठिपका ठेवलेला नाही. मूळचा रंग जुळवून भट्टीत भाजून घेतलाय. पट्टी नवी, साखळीचा दात न् दात एका कोनात घासलेला. आणि हो, हँडल मी तेव्हाच सरळ केलं. गरम करून, साच्यात दाबून. कारखान्यातून निघालं होतं तसं. पेट्रोलचा स्क्रू मीटर लावून बसवला आहे, कारण मला ऐकू येत नाही, पण मीटरला येतं. आता ती खोकत नाही. स्वच्छ किंचाळते, असं लोक सांगतात.

दर रविवारी आमच्याकडे जुन्या यंत्रांच्या शौकिनांचा मेळावा भरतो. मी ती दोरीच्या एका झटक्यात सुरू करतो आणि ओंडक्याचे तुकडे पाडतो. माणसं टाळ्या वाजवतात. मला त्या ऐकू येत नाहीत, दिसतात. सगळ्यांना सांगतो की ही माझ्या बापाची करवत आहे, त्यानं तिचं वाटोळं केलं होतं, मी तिला परत माणसात आणलं.

हे त्याला वाचून दाखव. त्याची नक्कल करून तू मला हसवायला निघाली होतीस ना, आता माझी करून त्याला हसव. तो काय म्हणतो ते मात्र मला कळवू नकोस. वाक्य असेल तर कळव.

दादा


३० जून

दादा,

आप्पा आता करवत मागत नाहीत. तू निश्चिंत राहा. मेळाव्याला माझ्या शुभेच्छा.

चिमटी


१८ जुलै

चि. चिमटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं दोन ओळींचं पत्र आलं त्या दिवसापासून माझ्या हातून काम होत नाही. मागत नाहीत, म्हणजे काय? हा माणूस मागायचं सोडणाऱ्यांतला नव्हे. झाडाच्या मालकाशी फांद्यांवरून तीन तीन दिवस हुज्जत घालायचा. मी म्हटलं होतं त्यानं माझ्यापुढे वाकावं. पण वाकणं वेगळं आणि हात टेकणं वेगळं. तुझं पत्र वाचून मला दिसलं ते असं, की तो खाटेवर पडलाय आणि त्यानं माझ्याकडून काही मिळण्याची आशाच सोडली आहे. मला ते बघवलं नाही. मी त्याला अद्दल घडवायला निघालो होतो, त्याला संपवायला नाही.

तर ऐक. हँडल परत वाकवलं. चांगलं सरळ केलेलं, रंगवलेलं हँडल दगडावर ठेवून ठोकलं, रंगाचे टवके उडाले, माझा जीव तुटत होता. किती वाकवायचं ते कळेना, माप कुठेच नाही. मग त्याचं ते मनगट आठवलं. माझं मनगट तसंच तिरकं धरलं आणि मुठीत बसेपर्यंत ठोकत राहिलो. आता दिसतं अगदी बेंगरूळ. पण हातात घेतलं की कळतं, म्हाताऱ्यानं विचार करून वाकवलं होतं. मान्य करतो.

आवाजाचं घोडं अडलं होतं. शेजारी एक बाई गाणं शिकवतात. त्यांना अंगणात उभं केलं आणि सांगितलं, ही खोकल्यासारखी झाली की हात वर करा. बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. मी स्क्रू सैल करत गेलो, त्या मान हलवत राहिल्या, आणि एकदम दोन्ही हात वर केले. मग ओंडका लावला. बाईंनी कागदावर लिहून दिलं, 'आता साफ झाला आवाज, खर्जातून वर गेल्यासारखा.' म्हणजे आप्पा म्हणाले तसंच. माझ्या मीटरला हे चुकीचं वाटतं. असू दे.

वाक्य नको. मला काहीच नको. येत्या रविवारी मेळाव्याला जात नाही, पहिल्या गाडीनं तुझ्याकडे येतो. त्यांना सांगू नकोस. अंगणात एकदम चालू करेन. मग त्यांचा हात हँडलवर ठेवेन. ते काही बोलले तर तू मला लिहून दाखव, नाही बोलले तर तसंही लिहून दाखव. पाठीच्या जखमांसाठी इथे एक मलम मिळतं, ते आणतो आहे. त्यांना कुशीवर वळवायचं मला शिकव, थोडे दिवस मी राहीन.

तुझा,
दादा


२२ जुलै

दादा,

येऊ नकोस. वरातीमागून घोडं घेऊन निघाला आहेस.

आप्पा जूनमध्येच गेले. मी तुला तीस तारखेला लिहिलं तेव्हा त्यांना जाऊन पंधरवडा झाला होता. त्या पत्रात एकही शब्द खोटा नव्हता. तू माझा धागा लांबून ओळखतोस ना, या वेळी ओळखता आला नाही.

कळवलं नाही ते विसरून नव्हे. मुद्दाम. तू येऊन उभा राहिला असतास, लोक तुला जवळ घेऊन रडले असते आणि मी मागच्या खोलीत चादरी धूत बसले असते. ते मला नको होतं.

काय झालं ते सांगते, तुला सांगायचंच आहे. तुझं एप्रिलचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलंच नव्हतं. मला धीर झाला नाही, म्हणून माझ्या मनानं ते 'बाळा' लिहिलं. चूक केली, नीट नक्कल करायला हवी होती. मग तुझं मेचं पत्र आलं, त्या टाळ्यांचं, आणि मला इतका संताप आला की दोन्ही पत्रं एका बैठकीत वाचून दाखवली. शब्दन् शब्द. कापूस, कानफटात, वहिनी, फळीवर चकाकणारी करवत, सरळ केलेलं हँडल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पा म्हणाले, 'कापूस मी काढायचो, कारण झाड कडकडलेलं ऐकू आलं नाही तर माणूस खाली सापडतो. पण ते त्याला सांगायला पाहिजे होतं. मी नुसती चारचौघांत थट्टा केली.' मग म्हणाले, 'त्याला बोलाव.' मी पत्र लिहायला बसले होते. अर्धं लिहिलं आणि तुझ्या टाळ्या आठवल्या. फाडून टाकलं.

पंपवाल्याच्या ओळखीच्या कुणाच्या तरी भंगारात एक जुनी करवत पडली होती. त्यानं ती खटपट करून चालू केली. मूळची म्हणशील तर तिच्यात अर्धे भाग पंपाचे होते, तुझ्यासारख्यानं बघून तोंड फिरवलं असतं. मी त्याला आप्पांचं घोगऱ्या आवाजाचं सांगितलं होतं. त्यानं खिडकीखाली सुरू केली. आप्पा पडल्या पडल्या ताठ झाले. एक जाड फांदी कापली, आवाज साफ झाला, आणि दादा, ते हसले. महिन्यात पहिल्यांदा.

करवत बंद करून पंपवाला आत आला. त्याच्या अंगाला पेट्रोल आणि तेलाचा वास येतो, हात खरबरीत. त्या दिवसांत आप्पांना कुणाचा आवाज कुणाचा ते नीट कळेनासं झालं होतं. आप्पांनी चाचपडत त्याचा हात धरला आणि सोडेनात. 'आलास,' म्हणाले. पंपवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी सांगू शकले असते. एक शब्द पुरला असता. मी बोलले नाही, मान हलवली, की हो म्हण.

'सैल ठेवलास ना स्क्रू? शहाणा झालास,' म्हणाले. मग म्हणाले, 'तुझे कान माझ्यामुळे गेले रे.' तुला हवं होतं ते वाक्य हेच. मी लिहिलं त्यापेक्षा लहान होतं. त्यात क्षमा वगैरे नव्हती. पंपवाला रडायला लागला. त्याला बाप नाही, तो कसा वाढला ते देव जाणे. आप्पांनी विचारलं, 'आता कसे आहेत कान?' तो म्हणाला, 'बरे आहेत.' 'ऐकू येतं?' 'येतं आप्पा. सगळं येतं.' त्यावर आप्पांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत राहिले. तुझ्याबद्दल. म्हणजे त्याच्याबद्दल.

पुढे थोडे दिवस होते ते. येईल त्याला सांगायचे, थोरला येऊन गेला, कान सुधारले त्याचे, करवतही फक्कड लावली. सगळ्यांना खरं वाटलं. तुला पुढेमागे कुणी भेटलं आणि म्हणालं की बरं झालं तू वेळेवर गेलास, तर हो म्हण. मेलेल्या माणसाला खोटं पाडू नकोस.

तुला हवं असलेलं वाक्य बोलून मगच गेले ते. पण तुझ्या वाट्याचं दुसऱ्यानं घेतलं, आणि ते त्याला मी दिलं. याचं मला वाईट वाटतं का, हे मी स्वतःला रोज विचारते. अजून तरी वाटत नाही.

मलम नको. खाट परत देऊन टाकली.

चिमटी


५ ऑगस्ट

चिमटे,

तुला काय लिहावं ते मला येत नाही. लिहायला बसतो आणि उठतो. तुला शिव्या देणारं एक पत्र लिहिलं होतं, ते पाठवत नाही. त्यातल्या निम्म्या शिव्या मलाच लागू पडत होत्या.

पंपवाल्याकडे येऊन त्याच्या तोंडून ऐकावं असं वाटलं. मग लक्षात आलं, मला ऐकू कुठे येणार. त्याला लिहायला लावू नकोस. त्याच्याकडेच राहू दे.

एकच गोष्ट कळव. आप्पा माझ्याशी नेहमी ओरडून बोलायचे. कान गेल्यावर तर शेजारपाजारचे खिडकीत यायचे इतके. त्यामुळे त्यांचा साधा आवाज कसा होता ते मी विसरून गेलो आहे. त्या दिवशी त्याचा हात धरून ते बोलले ते मोठ्यानं बोलले, की हळू?

बाकी काही विचारत नाही.

दादा


१२ ऑगस्ट

दादा,

हळू बोलले. त्याचं डोकं जवळ ओढून घेऊन, अगदी कानाशी. मी खोलीतच होते, मलाही सगळं कळलं नाही.

तू असतास तर तुला काहीच ऐकू आलं नसतं.

चिमटी